डावीकडचा तंबोरा

माझ्या पहिल्या मैफलीत मी गाणाऱ्या बाईंकडे फारसं पाहिलंच नाही. त्या मोठ्या गायिका होत्या, पुण्याहून आल्या होत्या, आणि पुढे मी त्यांना अनेकदा ऐकलं, त्यामुळे ती उणीव भरून निघाली. पण त्या सकाळी माझं सगळं लक्ष त्यांच्या मागे, आमच्या डाव्या हाताला, तंबोरा धरून बसलेल्या बाईकडे होतं. ती माझी आई होती.

आम्ही तेव्हा सातपूरला राहत होतो. पप्पा एका कारखान्यात पत्र्याचे भाग कापणाऱ्या पॉवर प्रेसवर होते. घर म्हणजे कामगार वसाहतीतल्या एका ओळीतल्या दोन खोल्या. ओळीतल्या भिंती सामाईक असल्यामुळे कोणाकडे फोडणी पडली आणि कोणाकडे भांडण जुंपलं, हे सगळ्यांना एकदमच कळायचं.

आई लग्नाआधी येवल्याला, माहेरी, गाणं शिकायची. लग्नानंतर ते थांबलं. कोणी थांबव म्हणालं नव्हतं. म्हणालं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. ते आपोआप थांबलं, जसं मोठेपणी लोकांचं पोहणं थांबतं. मी चौथीत गेल्यावर तिने पुन्हा सुरू केलं. गंगापूर रोडला एक बाई आपल्या घरी क्लास घ्यायच्या. आई आठवड्यातून दोनदा सिटी बसने तिकडे जायची. घरी मात्र तिचा रियाज ऐकू येत नसे. दार लावून, ओठ जेमतेम उघडून ती अशा काही आवाजात गायची, की शेजारच्या काकूंना वाटायचं, ही पोथी वाचते. हळदीकुंकवाला कोणी गाण्याचा आग्रह केला की "घसा बसलाय" म्हणायची. तिचा घसा लग्नापासून बसलेला होता.

"आवाज का दाबतेस?" असं पप्पांनी एकदा विचारलं होतं.

"दाबत नाही. तेवढाच आहे."

पप्पांना हे पटलं नाही, कारण संध्याकाळी मला खेळातून बोलावताना तोच आवाज ओळीच्या पार टोकापर्यंत यायचा. पण ते वाद घालण्याच्या फंदात पडले नाहीत. दिवसभर प्रेसच्या दणदणाटात काम करणाऱ्या माणसाला घरी आल्यावर कोणी हळू बोलत असेल तर त्याची तक्रार नसते.

दिवाळी पहाटेची साथ नाशकात तेव्हा नुकतीच पसरू लागली होती. ज्याला निवडणुकीला उभं राहायचं असेल, तो आधी एक दिवाळी पहाट उभी करून बघायचा. अशाच एका पहाटेसाठी, पाडव्याला, नदीकाठच्या पटांगणात या पुण्याच्या गायिकेचं गाणं ठरलं. मोठे गवई येताना तबलजी आणि पेटीवाले घेऊन येतात. तंबोरे मात्र दोन लागतात, आणि एका तंबोऱ्यावर त्यांची शिष्या बसली तर दुसऱ्यासाठी गावातलंच कोणी तरी शोधतात. आयोजकांनी क्लासच्या बाईंना विचारलं, आणि बाईंनी आईला सांगितलं, "तुम्ही बसा. तुमचा हात सरळ आहे."

आईने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा पप्पांना ते फार अवघड वाटलं नाही.

"नुसतं वाजवायचंय ना?"

"वाजवायचंच आहे. पण गाताना त्या मध्येच मागे वळून बघतात. बघितलं की षड्ज द्यायचा. म्हणजे 'सा' लावायचा आणि धरून ठेवायचा, त्यांना श्वास घेता यावा म्हणून."

"मग द्यायचा."

"बाईंनी बजावलंय. गप्प बसलं तर त्यांचा अपमान. त्यांच्यापेक्षा मोठ्याने गायलं तर त्याहून मोठा अपमान. त्यांना आधार वाटला पाहिजे आणि ऐकणाऱ्यांना पत्ता लागता कामा नये."

"म्हणजे चोरासारखं," पप्पा म्हणाले.

"म्हणजे साथीसारखं," आई म्हणाली. मग जरा वेळाने, कणीक मळता मळता, कोणाकडेच न बघता म्हणाली, "त्या वळल्या आणि माझा आवाज फुटलाच नाही, तर मी परत त्या क्लासात तोंड दाखवायची नाही."

तिची भीती एवढीच होती आणि तिला ती पुरत होती. स्टेजवर बसण्याचं तिला काही वाटत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच चार लोकांत गळा उघडायचा होता, तोही एकाच स्वरापुरता, तोही मागितला तर.

दिवाळीच्या आधी क्लासचा तंबोरा आमच्या घरी आला. रिक्षात आई मध्ये, मी आणि पप्पा दोन बाजूंना, आणि तो आमच्या मांड्यांवर आडवा. गोधडीत गुंडाळलेला तो लांबट प्रकार आम्ही तिघं मिळून उतरवतोय हे पाहून शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, "कोणाला बरं नाही का?"

तंबोरा वाजवणं हे ऐकणाऱ्याला वाटतं तितकं सोपं नसतं. चार तारा एकामागून एक छेडायच्या, त्या सारख्या अंतराने, आणि समोर तबला काहीही करत असला तरी त्याच्या नादी लागायचं नाही. हात हळूच तबल्याच्या ठेक्यात जाऊन बसतो. तो जाऊ द्यायचा नाही. घरात तबला नव्हता. ते काम पप्पांनी घेतलं. बेसनाचा रिकामा डबा पालथा घालून ते आईसमोर मांडी ठोकून बसले आणि त्यांना येत होता तो एकमेव ठेका त्यांनी धरला, प्रेसचा. एक दणका, थोडी जागा, पुन्हा दणका. या कामात लय चुकली की बोट जातं. पप्पांची दहाही बोटं शाबूत होती, आणि प्रेसवाल्यांत ही पदवी समजली जाते.

पहिल्या दिवशी आईची बोटं बघता बघता प्रेसवर कामाला लागली.

"गेला हात," पप्पा वाजवायचं थांबवून म्हणाले.

"तुम्ही मुद्दाम मोठ्याने वाजवताय."

"मग तबलजी काय तुला विचारून वाजवणारे?"

"परत लावा."

"डबा फुटला तर मी जबाबदार नाय."

वसुबारसेपर्यंत डब्याला पोचे आले आणि आईचा हात हलेनासा झाला. पप्पा ठेका अचानक दुप्पट करायचे, मध्येच सोडून द्यायचे, मलाही टाळ्या वाजवायला लावायचे. ती डोळे मिटून आपल्या तारा छेडत राहायची. तो षड्ज मात्र तिने आमच्यासमोर एकदाही लावला नाही. ते ती मी शाळेत आणि पप्पा कारखान्यात गेल्यावर करायची, असं म्हणाली. करत असावी.

पाडव्याला उठणं, उटणं, अभ्यंगस्नान हे सगळं त्या वर्षी घाईत उरकलं. आईने निळी सुती साडी नेसली, काठ अगदी बारीक. "जरीची नको," असं बाई म्हणाल्या होत्या, "मागे बसणाऱ्याने मागे बसल्यासारखं दिसावं." बाईंची गाडी तिला न्यायला आली. पप्पा आणि मी नंतर स्कूटरवरून गंगेवर गेलो. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. बाहेरच्याला वाटतं आपण वाट चुकलो.

पटांगणात गाद्या, मागे खुर्च्या, स्टेजवर झेंडूच्या माळा, आणि गायिकेच्या फोटोच्या दुप्पट आकाराचा कार्यक्रम करणाऱ्यांचा फोटो. गायिका पांढरी शाल पांघरून बसल्या होत्या. एका तंबोऱ्यावर त्यांची शिष्या, दुसऱ्यावर आई. आईने आम्हाला शोधलं, सापडल्यावर लगेच नजर काढून घेतली. तारा जुळलेल्या होत्या. उजाडायचं होतं. सगळं तयार होतं, फक्त प्रमुख पाहुणे यायचे होते.

ते आले तेव्हा पूर्वेला फटफटलं होतं. मग दीपप्रज्वलन. नदीवरच्या वाऱ्याला कोणी पाहुण्यांची ओळख करून दिलेली नसावी. तो प्रत्येक वात पेटली की विझवत होता. शेवटी एका कार्यकर्त्याने फाइलचा आडोसा केला आणि समईची एक वात कशीबशी फोटोपुरती टिकली. मग स्वागत, प्रास्ताविक, सत्कार. शाल पांघरलेल्या गायिकेला त्यांनी आणखी एक शाल पांघरवली. पाहुण्यांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की आपल्याला संगीतातलं काही कळत नाही, आणि ते सिद्ध होईपर्यंत बोलत राहिले.

त्यात एक गोष्ट झाली, जी आम्हाला तेव्हा कळली नाही. आईने नंतर सांगितली. गायिकांनी ललत गायचा ठरवला होता. तो उजाडण्याआधीचा राग, त्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली. भाषणं संपली तेव्हा समोरच्या देवळाच्या कळसावर चांगलं ऊन पडलं होतं. गायिकांनी एकदा आकाशाकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि मागे वळून हळूच म्हणाल्या, "तोडी. पंचम करा." रागांच्या वेळा ऋषिमुनींनी ठरवल्या असतील, त्या बदलण्याचा अधिकार अलीकडे प्रमुख पाहुण्यांकडे असतो.

आम्हाला दिसलं ते इतकंच, की आईने भर स्टेजवर तंबोरा खांद्यावरून उतरवला आणि खुंटी पिळू लागली. खुंटी पिळायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा पिळायची. शिष्येची तार लागली. आईची लागेना. पाहुणे गाडीकडे निघाले होते आणि त्यांच्याबरोबर बरेच श्रोतेही उठत होते, त्यामुळे तिच्याकडे पाहणारे फार नव्हते. पप्पा गुडघ्यावर उभे राहून पाहत होते.

"तुटली का?"

"नाही, लावतेय."

"लागेल," ते म्हणाले. कोणाला, ते माहीत नाही.

लागली. गायिकांनी मान हलवली. आईने तंबोरा परत खांद्याला टेकवला.

सूत्रसंचालकाने साथीदारांची ओळख करून दिली. तबला, पेटी, शिष्या. मग त्याने मंडपवाल्याचे, जनरेटरवाल्याचे आणि चहाची सोय करणाऱ्याचे आभार मानले आणि खाली बसला.

"हिचं नाव नाय घेतलं," पप्पा म्हणाले.

"विसरले असतील."

"जनरेटरवाल्याचं बरं आठवलं."

गाणं सुरू झालं. मला ते कळत नव्हतं हे लपवण्यात अर्थ नाही. एक बाई सावकाश, फार सावकाश, एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत जात होती, आणि वाटेत काही राहिलं असं वाटलं की परत येत होती. पण कंटाळा आला नाही, कारण मी वाट बघत होते. दर वेळी त्या मान वळवायच्या तेव्हा मी आईकडे बघायचे. आणि दर वेळी त्या उजवीकडे, शिष्येकडे वळायच्या. शिष्येपुढे स्वतंत्र माइक होता. ती स्वर द्यायची, तो छान ऐकू यायचा, गायिका पुढे जायच्या. आईकडे कोणी वळत नव्हतं. तिचे ओठ मात्र अधूनमधून किंचित हलत होते. कदाचित ती आपली आपणच तयारी करत असेल.

पप्पांनी हे सगळं पाहिलं आणि कारखान्यातल्या माणसाने काढावा तसा निष्कर्ष काढला.

"तिचा येतो, हिचा का नाय येत?"

"आई गात नाहीये."

"ओठ हलतायत. चल."

माझा हात धरून ते खुर्च्यांच्या कडेकडेने मागे गेले. तिथे टेबलावर बटणांची पेटी घेऊन साउंडवाला बसला होता. आमच्या वसाहतीच्या गणपतीत स्पीकर लावायचा तोच. पप्पांना पाहून तो खूश झाला.

"काय भाऊ, तुम्ही इकडं? गाण्याबिण्याचा नाद कधीपासून?"

"ती मागची बाई आहे ना, डावीकडची. तिचा आवाज येत नाय."

"ती वाजवतेय, भाऊ. तिला गायचा माइक नाय."

"पुढं तो खाली काय ठेवलाय?"

"तो तंबोऱ्याचा."

"मग तोच वाढव."

"उगाच घुं घुं वाढंल."

"वाढू दे. मिसेस आहे आपली."

साउंडवाल्याने स्टेजकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, आणि पेटीवरचं एक बटण वर सरकवलं. जगात कुठेही काही बिघडलं तर त्याचं बटण ज्याच्या हातात आहे तो माणूस शोधायचा आणि त्याच्याशी नीट बोलायचं, या पप्पांच्या तत्त्वज्ञानाला माझ्या माहितीत तोपर्यंत अपवाद सापडला नव्हता.

पटांगण तंबोऱ्याने भरून गेलं. जमिनीतून काही तरी उकळून वर यावं तसा तो गुंजारव चढला. आमच्या पुढच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याला सांगितलं, "आता बघा तंबोरे कसे बोलायला लागले. गाणं तापलं की असं होतं." शेजाऱ्याने जाणकारासारखी मान डोलावली.

आणि नेमका तेव्हाच शिष्येला खोकला आला. नदीवरची गार हवा. तिने तोंडावर पदर घेतला, पाण्याची बाटली उचलली. गायिका वर चढत चढत तार षड्जापाशी आल्या होत्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं, तिथे पाणी पिणं चाललं होतं, म्हणून त्या डावीकडे वळल्या.

आईने डोळे मिटले आणि 'सा' लावला.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. म्हणजे ऐकला होता. मला हाक मारताना निघायचा त्याच ठिकाणाहून तो निघाला होता, फक्त तो कोणालाच बोलावत नव्हता. तो भोंग्यांतून बाहेर पडला, पटांगणावरून नदीवर गेला, आणि पलीकडच्या घाटावर कपडे धूत असलेल्या बायकांनी माना वर केल्या. गायिकेचा आवाज त्याखाली गेला. खरं तर त्या गातच नव्हत्या. त्या थांबल्या होत्या. पेटीवाल्याने डोळे मोठे करून मागे पाहिलं. काही क्षण त्या सगळ्या पसाऱ्यात, झेंडूच्या माळा, समई, मोठा फोटो, यात माझी आई एकटी गात होती.

तिने डोळे उघडले. आपलाच आवाज समोरून अंगावर येतोय हे तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिचा चेहरा एखाद्या अनोळखी घरात शिरल्यासारखा झाला. तिने स्वर मध्येच टाकला नाही. शेवटपर्यंत नेला, अलगद ठेवला, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. गायिकांनी तिथूनच पुढे उचललं.

पप्पा माझ्याकडे बघून हसले. त्यांनी साउंडवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. मग त्यांनी पुन्हा स्टेजकडे पाहिलं आणि त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. आई मान खाली घालून वाजवत होती. हात तसाच होता, सरळ. चेहरा नव्हता.

त्यानंतर गायिका डावीकडे वळल्या नाहीत. दोन बंदिशी झाल्या, भजन झालं, टाळ्या झाल्या. गायिकांना दुसऱ्या गावी जायचं होतं, त्या गडबडीत निघाल्या. क्लासच्या बाई स्टेजच्या पायऱ्यांपाशी आईला म्हणाल्या, "दिवाळीनंतर बोलू." एवढंच. आणि तंबोरे सांभाळायला गेल्या.

आम्ही तिघं स्कूटरवरून घरी आलो. आईने साडी बदलली, चहा ठेवला आणि सांगितलं, "मी क्लासला जाणार नाही आता."

"का?" मी विचारलं.

"भान राहिलं नाही मला. इतक्या मोठ्या बाई, आणि मी त्यांच्यावर ओरडले. वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी परत. क्लासच्या बाईंचं तोंड बघितलंस?"

"छान वाटलं पण," मी म्हणाले.

"तुला वाटणारच."

पप्पा आमच्या ओळीतले सर्वांत बोलके गृहस्थ होते. गंगेपासून सातपूरपर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते, आणि आता आंघोळ झालेली असताना परत हातपाय धुवायला गेले.

पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. रडारड असो की भांडण, हे टळत नाही. मी पाट मांडला, भोवती रांगोळीचं एक बोट ओढलं. पप्पा नवा सदरा आणि टोपी घालून बसले. साडीचं पाकीट मांडीखाली लपवलेलं होतं, दर वर्षीसारखं, दर वर्षीसारखंच अर्धं बाहेर. आईने निरांजन लावलं, कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक उचललं.

"थांब," पप्पा म्हणाले. "आधी ऐक."

"ओवाळून होऊ द्या."

"नको. ऐकून घे, मग ओवाळायचं का ते ठरव."

आई तबक हातात धरून उभी राहिली.

"तू ओरडली नाय. मी वाढवला."

"काय वाढवला?"

"आवाज. म्हणजे वाढवायला लावला. साउंडवाला आपला ओळखीचा निघाला. नाव घेतलं नाय त्यांनी तुझं, त्या पोरीचा आवाज येत होता, तुझा येत नव्हता. मला वाटलं..." त्यांना काय वाटलं ते त्यांना सांगता येईना. "चांगलं वाटलं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"किती वाढवला?"

"त्याने विचारलं नाय. मी पण सांगितलं नाय." जरा थांबून ते म्हणाले, "बराच वाढवला."

निरांजनाची ज्योत वर-खाली झाली. आई हसत होती की रडत होती हे मला पहिल्यांदा कळलं नाही, आणि मला वाटतं तिलाही ते ठरवायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे मी नेहमीसारखंच गायले."

"नेहमीसारखंच. ऐकू येत नाय तसं."

तिने ओवाळलं. भराभरा, तीनदा, तोंडात साखर घातली. पप्पांनी साडी दिली. ते पाकीट न उघडता तिने कपाटावर ठेवलं आणि म्हणाली, "टोपी काढू नका. चला."

"कुठं?"

"बाईंकडे. हे सगळं तिथे सांगायचं. असंच्या असं."

"आज पाडव्याचं? त्यांच्याकडे पाहुणे असतील."

"मग पाहुण्यांसमोर सांगा. माझं झालं ते सगळ्या नाशिकसमोर झालं."

बाईंकडे पाहुणे नव्हते. त्या चष्मा लावून पेपर वाचत होत्या, पुढे फराळाची ताटली. त्यांनी आम्हाला बसवलं, चकल्या पुढे केल्या. पप्पा कुंकवासकट उभेच राहिले आणि त्यांनी सांगितलं. साउंडवाल्याशी काय बोलणं झालं तेसुद्धा सांगितलं, 'मिसेस आहे आपली' हे सोडून. ते मी सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "ते मला तेव्हाच कळलं. तंबोरा एकदम अंगावर आला, म्हणून मी मागे वळून बघितलं. तुम्ही त्याच्या टेबलाशी उभे होतात."

पप्पा खुर्चीवर बसले.

"मग मला 'दिवाळीनंतर बोलू' असं का म्हणालात?" आईने विचारलं. "मला वाटलं, संपलं."

"कारण मला रागावायचं होतं, आणि सणाच्या दिवशी मी रागवत नाही." बाईंनी ताटली बाजूला सरकवली. "इतका मोठा केलेला आवाज. त्यात काही म्हणता काही लपत नाही. मी वाटच बघत होते, सूर कधी हलतो. हलला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलला नाही. मग मला सांगा, आठवड्यातून दोनदा इथे येऊन माझ्यासमोर तुम्ही जे पुटपुटता, ते काय असतं?"

आईने सरकवलेली ताटली पुन्हा सरळ केली.

"मी समजत होते, आवाजच तेवढा आहे. म्हणून तुम्हाला तंबोऱ्यावर बसवलं. फसवलंत मला."

"आणि त्या?" आईने हळूच विचारलं. "त्या परत वळल्या नाहीत माझ्याकडे."

"त्यांच्या शिष्येचा खोकला थांबला म्हणून," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, कोपऱ्यातला तंबोरा घेऊन सतरंजीवर बसल्या आणि तारा तपासू लागल्या. आईने आपण होऊन हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला केला. "मी वाजवते. तुम्ही समोर बसा."

"आत्ता?"

"रागवायचं नाही ना आज. मग गाऊ या." मग पप्पांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही तिथेच बसा. हात मांडीवर."

पप्पांनी हात मांडीवर ठेवले.

आईने षड्ज लावला. तोच, पोथी वाचणाऱ्या बाईचा. बाईंनी तारा थांबवल्या. "ऐकू आला नाही." आईने पुन्हा लावला, थोडा बरा. "ह्यांना विचारा, आला का?"

आईने पप्पांकडे पाहिलं. पप्पांचा नाइलाज होता. त्यांनी मान हलवली, नाही.

मग तिने पदर खोचला, पाठ सरळ केली, आणि तिसऱ्यांदा तो आला. बाईंच्या त्या बैठकीच्या खोलीत मावेल एवढाच, पण पूर्ण. मध्ये कुठे श्वास घेतला ते मला कळलं नाही. बाई खाली बघून वाजवत राहिल्या, पप्पा तसेच बसून होते, आणि मी चकली हातात धरली होती, कारण खाल्ली असती तर आवाज झाला असता.